खोट्या पेंग्विनांची खरी वस्ती

पुतळेकाकूंना ‘बघू’ म्हणता यायचं नाही. काम कसलंही असो, समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्या म्हणायच्या, “जमेल.” मग गिऱ्हाईक गेलं की नवऱ्याकडे वळून विचारायच्या, “अहो, तो नेमकं काय म्हणाला?”

कपड्यांच्या दुकानांत काचेमागे जे पुतळे उभे असतात, ते काकू करायच्या. हे काम त्या मामाकडून शिकल्या आणि लग्नानंतर सासरी घेऊन आल्या. बस डेपोच्या मागे पत्र्याची लांबट शेड होती. आत शिरलं की डाव्या हाताला आकड्यांवर हात टांगलेले, उजवीकडे फळीवर पाय ओळीनं मांडलेले आणि मध्ये प्लास्टरच्या पिठानं पांढरीफटक झालेली काकूंची मूर्ती. नवा माणूस दारातच दचकायचा. “घाबरू नका, सगळे मापानं केलेले आहेत, कुणाचे काढून आणलेले नाहीत,” काकू आतून ओरडायच्या.

पण पुतळ्यांना वाईट दिवस आले होते. हलके, पोकळ प्लास्टिकचे पुतळे बाहेरून बोटीनं येऊ लागले. त्यांना डोकीही नसायची. दुकानदारांना तीच फॅशन वाटायची. काकूंच्या सासूबाईंना याचा फार राग. हात स्थिर होता तोवर काकूंच्या पुतळ्यांचे चेहरे त्याच रंगवायच्या. त्यांनी काढलेल्या भुवया बघून बायका आपल्या भुवया कोरून घ्यायच्या, असं त्या स्वतःच सांगायच्या. आता हात थरथरायचा आणि चेहरेही उरले नव्हते. “डोकंच नको म्हणतात मेले,” सासूबाई म्हणायच्या, “म्हणजे विकणाऱ्यालाही नको आणि घेणाऱ्यालाही नको.” काकूंकडे राहिली होती ती मोडक्या बोटांची डागडुजी.

अशात एक दिवस एक तरुण बाई शेडच्या दारात उभी राहिली. उन्हानं रापलेली, पायात रबरी बूट, अंगाला माशाचा वास. ती पक्ष्यांची डॉक्टर होती.

“मला पेंग्विन हवेत,” ती म्हणाली. “पुतळे. बरेच लागतील.”

“जमेल,” काकू म्हणाल्या. “दुकान कसलं आहे तुमचं? थंडीचे कपडे?”

“दुकान नाही काकू. किनारा आहे.”

डॉक्टरनं स्टुलावर बसून सगळं सांगितलं. शहरासमोरच्या बेटावर पेंग्विनांची जुनी वसाहत होती. पेंग्विन म्हटलं की लोकांना बर्फ आठवतो. पण हे पेंग्विन उन्हाच्या देशातले, वाळूत नि खडकांच्या सावलीत संसार करणारे. पूर्वी तारली माशांचे थवे त्यांच्या अगदी अंगणातून जायचे. आता समुद्राचं पाणी बदललं, बोटींची जाळी वाढली आणि उरलेले मासे पूर्वेकडे सरकले. पेंग्विनाला उडता येत नाही. पोहत जायचं, पोट भरायचं, पोहत यायचं आणि पोटातला घास पिल्लाला भरवायचा. मासे फार लांब गेले की आईबाप परत येईपर्यंत पिल्लू घरट्यात उपाशी मरतं.

“मग मासे गेले तिकडे हे का जात नाहीत?” काकूंनी विचारलं.

“एकदा संसार मांडला की ते जागा सोडत नाहीत. दर वर्षी तिथेच. पण तरुण पोरं असतात ना, ती पिसं आली की समुद्रात उतरतात नि काही वर्षं नुसती भटकतात. ती नवी जागा बघू शकतात. पूर्वेला जमिनीचा एक सुळका आहे, समुद्रात घुसलेला. समोर मासळी भरपूर. पण तिथे एकही पेंग्विन नाही, आणि रिकाम्या किनाऱ्यावर ती पाय ठेवत नाहीत. आधी कुणी राहतंय असं दिसायला हवं.”

काकू हसल्या. “नव्या इमारतीत पहिला भाडेकरू कुणालाच व्हायचं नसतं.”

“अगदी तसंच. मला तिथे खोटे भाडेकरू बसवायचेत.”

काकूंनी त्याच आठवड्यात पहिला पेंग्विन केला. समोर नमुना होता भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या पेंग्विनाचा. ताठ मान, पुढे काढलेली छाती, बाजूला टेकलेले पंख, वर चकचकीत रंगाचे दोन हात. काकूंचे यजमान निवृत्त बस ड्रायव्हर. त्यांनी चहाचा कप खाली ठेवून त्याच्याभोवती एक चक्कर मारली.

“कसा आहे?” काकूंनी विचारलं.

“चांगला आहे. लग्नात फोटोला उभा राहिलेला जावई दिसतोय.”

काकूंनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. पण डॉक्टर आली, तिनंही बराच वेळ पाहिलं आणि हळूच म्हणाली, “काकू, काम सुंदर आहे. पण हा पेंग्विन नाही, हा माणूस आहे. तुम्ही बेटावर चला.”

जन्म त्या शहरात गेला, बेट रोज डोळ्यांसमोर, पण काकू तिथे कधी गेल्या नव्हत्या. हाताशी असलेल्या गोष्टी बघायच्या राहूनच जातात. बोटीत बसेपर्यंत त्यांचा रुबाब शाबूत होता. बेटाजवळ आल्यावर आधी वास आला. पदर नाकावर गेला. मग आवाज आला, आणि त्यांना वाटलं, एवढी गाढवं इथे कुणी आणून सोडली?

“तेच पेंग्विन,” डॉक्टर म्हणाली. “नर ओरडतात. ही जागा माझी, ही बायको माझी, आणि तू कोण?”

“म्हणजे आमच्या गल्लीसारखंच,” काकू म्हणाल्या.

पहिल्याच तासात त्यांनी एक चूक केली. मान नीट दिसेना म्हणून त्या एका घरट्याजवळ ओणवल्या. आतल्या मादीनं त्यांचं बोट असं पकडलं की काकूंची किंकाळी त्या गोंगाटातही ऐकू गेली. “बघायचं असेल तर बसून बघा, लांबून,” डॉक्टर पट्टी बांधता बांधता म्हणाली. मग काकू बसल्या. दुपारचा डबा तसाच राहिला.

त्यांना दिसलं की कॅलेंडरवरच्यासारखा ताठ कुणी उभाच राहत नाही. एक पोटावर पालथा झोपला होता. एक मान खाली घालून चोचीनं काटक्या ओढत होता, आणि शेजारचा त्याच काटक्या मागच्या मागे चोरत होता. एक जोडपं एकमेकांच्या मानेतली पिसं साफ करत होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की काकूंनी नजर वळवली. प्रत्येकाच्या डोळ्यांच्या वर गुलाबी कातडीचा ठिपका होता. उन्हं चढली तसा तो लालसर होत गेला. “तिथे पिसं नसतात,” डॉक्टरनं सांगितलं. “उकडायला लागलं की अंगातलं रक्त तिथे येतं आणि वाऱ्यानं गार होऊन परत जातं.”

एका खडकाच्या आडोशाला काही पेंग्विन फाटकी गादी अंगावर घेतल्यासारखे उभे होते. पिसांची लक्तरं लोंबत होती. काकूंना वाटलं आजारी आहेत.

“नाही, कात टाकतायत,” डॉक्टर म्हणाली. “वर्षातून एकदा सगळी पिसं बदलतात. नवी येईपर्यंत अंगात पाणी शिरतं, म्हणून समुद्रात जाता येत नाही. तोवर कडकडीत उपास. आधी खाऊन खाऊन फुगतात, मग असे उभ्या उभ्या वाळतात. त्या आधीच मासे कमी मिळाले तर उपास संपेपर्यंत हे तग धरत नाहीत.”

तोवर काकूंसाठी हे एक चमत्कारिक काम होतं. पण त्या आडोशाला एक जण इतका खंगलेला होता की छातीचं हाड वर आलं होतं. तो डोळे मिटून वाऱ्याकडे पाठ करून उभा होता. बोटीत परत बसताना काकूंनी एकच विचारलं, “त्या सुळक्यावर मासे नक्की आहेत ना?”

“नक्की.”

“मग तो जावई मी फोडून टाकते.”

त्यांनी खरंच फोडला. नवे साचे केले: झोपलेला, वाकलेला, मान मागे वळवलेला, जोडीदाराला टेकलेला. प्लास्टर खाऱ्या वाऱ्यात टिकणार नाही म्हणून तारेच्या जाळीवर सिमेंट घेतलं आणि रंग बिनचकाकीचा. एकच गोष्ट अडली. प्रत्येक पेंग्विनाच्या छातीवर काळे ठिपके असतात आणि कुणाचे कुणाशी जुळत नाहीत. काकूंचा हात साच्यात मुरलेला; त्यांनी कितीही वेगळे ठिपके काढायचे ठरवले तरी चौथ्या पुतळ्यापाशी पहिलाच परत यायचा.

“इकडे दे तो ब्रश,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, तुमचा हात...”

“हलतो. माहितीय मला. हललेलाच हवाय ना तुला?”

आणि खरंच, सासूबाईंच्या थरथरत्या हातानं काढलेला एकही ठिपका दुसऱ्यासारखा पडला नाही. किती वर्षांनी त्यांच्या समोर रंगवायला चेहरे आले होते. रोज सकाळी आंघोळ करून त्या शेडमध्ये येऊन बसायच्या आणि प्रत्येकाशी बोलत बोलत रंगवायच्या. “तू जरा तापट दिसतोस. तू बाई फार सोसलंस.” शेड भरली, मग डेपोची भिंत भरली. येणारेजाणारे ड्रायव्हर हॉर्न वाजवून सलाम करायचे.

सुळक्याची मानेसारखी चिंचोळी जागा डॉक्टरच्या संस्थेनं कुंपण घालून तोडली होती, म्हणजे जमिनीवरचं जनावर आत येणार नाही. तिथे एक दाढीवाला राखणदार राहायचा. घरट्यांसाठी जमिनीत पेट्या पुरल्या, सावली धरणाऱ्या. एक भोंगा बसवला. त्यातून बेटावरचा तो गाढवी कल्ला दिवसभर वाजायचा. काकूंच्या यजमानांनी जुनी बस मागून आणली आणि सीटांवर पेंग्विन बसवून नेले. “आयुष्यात पहिल्यांदा कुणी पुढच्या दारानं उतरायची घाई केली नाही,” ते म्हणाले.

पुतळे काकूंनी स्वतः मांडले. पहिल्या हंगामात कुणी आलं नाही. म्हणजे यायचे, संध्याकाळी पाण्यातून चार-दोन डोकी वर यायची, किनाऱ्याकडे बघायची आणि निघून जायची. राखणदार हताश झाला. डॉक्टर दुर्बीण लावून बसली आणि काही दिवसांनी म्हणाली, “काकू, आपण सगळ्यांना समुद्राकडे तोंड करून उभं केलंय. ओळीत.”

काकूंनी कड्यावरून खाली पाहिलं आणि कपाळावर हात मारला. दुकानाची काच! चाळीस वर्षं पुतळे रस्त्याकडे तोंड करून मांडलेले. इथेही त्यांनी गिऱ्हाइकाकडे तोंड केलं होतं. नव्यानं येणाऱ्या पेंग्विनाला वाटत असणार की ही वस्ती नाही, ही पोलिसांची तुकडी आहे. दोघींनी मिळून सगळे उपटले. डॉक्टरकडे बेटाचे वरून घेतलेले फोटो होते; ती अंतरं सांगायची, शेजाऱ्याची चोच पोचणार नाही इतकी. काकू तोंडं फिरवायच्या: हे दोघं भांडतायत, हा झोपलाय, ही वाट बघतेय. काम झाल्यावर राखणदार म्हणाला, “आता इथून चालताना मलाच चोरट्यासारखं वाटतं.”

पुढच्या हंगामात ते आले. आधी एक, निळसर करड्या रंगाचा, अजून छातीवर पट्टाही न उमटलेला. तो एका सिमेंटच्या पुतळ्याशेजारी जाऊन उभा राहिला, त्याच्याकडे वाकून पाहिलं आणि उत्तर मिळालं नाही तरी तिथेच थांबला. मग आणखी आले. काही जण कात टाकायला राहिले. आणि एका जोडप्यानं पेटीत काटक्या नेल्या. डॉक्टरचा फोन आला तेव्हा काकू सिमेंट कालवत होत्या. “अंडी आहेत काकू. दोन!” काकूंनी कालवलेलं सिमेंट तसंच घट्ट होऊ दिलं. त्यांच्या आयुष्यात हे प्रथमच झालं.

पण आनंद टिकला नाही. कुंपणाखालची जमीन भुसभुशीत होती. एक रानमांजर ती उकरून आत शिरलं. सकाळी राखणदाराला पेटीजवळ नर मेलेला सापडला आणि अंडी फुटलेली. कात टाकणारे दोघं-तिघंही मारले गेले होते. पिसांच्या त्या अवस्थेत त्यांना पाण्यात पळताही आलं नसणार. मादी समुद्रावरून परत आली तेव्हा पोट भरून आली होती. ती पेटीपाशी उभी राहून ओरडत राहिली. भोंग्यातला आवाज तिला उत्तर देत होता. डॉक्टरनं जाऊन भोंगा बंद केला.

काकूंनी ती मादी स्वतः पाहिली. घरी आल्यावर त्या जेवल्या नाहीत. यजमान म्हणाले, “अगं, आपण पुतळे केले. मांजर काही आपण सोडलं नाही.”

“बोलावलं तर आपणच ना हो,” काकू म्हणाल्या.

संस्थेची बैठक झाली. एक वयस्क अधिकारी होते, सरळ मनाचे. ते म्हणाले, “जिथे आपण राखू शकत नाही तिथे पाखरांना फसवून आणणं बरोबर नाही. हे थांबवावं असं मला वाटतं.” डॉक्टर खाली मान घालून बसली, तिलाही रात्रभर तेच वाटत होतं. काकूंना कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. त्या उठल्या.

“साहेब, तुमचं बरोबर आहे. घरी बोलावलेल्या माणसासाठी दाराला कडी हवी, आणि ती आपण नीट लावली नव्हती. पण एक पुतळा फुटला म्हणून आम्ही साचा फेकत नाही. त्यांनी जागा पसंत केली होती. पेटी पसंत केली होती. मासे होते. चुकलं ते एवढ्या वीतभर जमिनीत. ती वीतभर जमीन मला द्या. मांजराचंही काही वाईट करायचं नाही. ते आधीपासून इथलंच आहे. त्यानं बाहेर राहावं, एवढंच.”

“उकरता येणार नाही असं काही करता येईल?” साहेबांनी विचारलं.

“जमेल,” काकू म्हणाल्या. आणि या वेळी काय म्हणाल्या ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

डेपोतले निवृत्त ड्रायव्हर-कंडक्टर यजमानांनी गोळा केले. कुंपणाच्या पायथ्याशी बाहेरच्या अंगाला जाळी आडवी अंथरली आणि तीवर सिमेंटचा पट्टा ओतला, सुळक्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. उकरणारं जनावर कुंपणाला अगदी चिकटून उकरतं, हे डॉक्टरनं सांगितलं. तिथेच पंजा सिमेंटवर घासला की ते नाद सोडतं. वरच्या बाजूला गुळगुळीत पत्र्याची बाहेर वळलेली झालर लावली. कंबरा मोडल्या, हातांना फोड आले. काकू सगळ्यांच्या पुढे. “पुतळे एकवेळ वाकडे चालतील,” त्या ओरडायच्या, “ही फट चालायची नाही!”

मांजर आलं. राखणदारानं त्याच्या पावलांचे ठसे पट्ट्याच्या कडेकडेनं पार खालपर्यंत गेलेले पाहिले. आत एकही नव्हता.

त्या वर्षी घरटं झालं नाही. पेंग्विन आले, उभे राहिले, गेले. काकूंना डॉक्टर रोज फोन करायची, आणि आवाज पडलेला असला की काकूच तिला धीर द्यायच्या. “अगं, घर बघायला आलेली माणसं पहिल्या खेपेला नळ सोडून बघतात फक्त.” मनात मात्र त्यांनाही धाकधूक होती, फोन ठेवला की त्या उगाच यजमानांवर चिडायच्या.

त्याच्या पुढच्या वर्षी तीन पेट्यांत जोडपी बसली. सव्वा महिना नर-मादी पाळीपाळीनं अंड्यांवर बसले. एक समुद्रात, एक घरी. पाळी बदलताना दोघं समोरासमोर वाकून ओरडायचे, आणि ते रागाचं नाही हे आता काकूंना कळायचं. मग एका पेटीतून करड्या लोकरीचा गोळा बाहेर डोकावला. सासूबाईंना मुद्दाम बसमधून आणलं. त्यांनी दुर्बिणीतून बराच वेळ पाहिलं.

“याची छाती कोरी आहे,” त्या म्हणाल्या.

“मोठा झाला की ठिपके येतात, आजी,” डॉक्टर म्हणाली.

“आपसूक? बरंय. माझ्याच्यानं आता एवढं होणार नव्हतं.”

दोन पिल्लं जगली. लोकर झडली, निळसर पिसं आली. आईबापांनी त्यांना पोहायला शिकवलं नाही. पेंग्विनांत तशी पद्धत नाही. एक दिवस घास बंद होतो, आणि पिल्लू आपलं आपण निघतं. काकू त्या सकाळी कड्यावर होत्या. पहिलं पिल्लू पुतळ्यांच्या मधून वाट काढत खाली गेलं, ओल्या वाळूवर थांबलं, लाटेनं पाय भिजले तसं मागे पळालं, परत पुढे आलं. जमिनीवर हेलपाटणारं ते पोर एका लाटेत शिरलं आणि दुसऱ्या लाटेत त्याचं दुसरंच काही झालं. पंख फुटल्यासारखं ते पाण्याखालून निघालं. काकूंना फक्त एक काळसर रेघ पूर्वेकडे जाताना दिसली.

“परत येईल?” यजमानांनी विचारलं.

“काही वर्षांनी,” डॉक्टर म्हणाली. “जगलं तर.”

“जगेल,” काकू म्हणाल्या.

आज त्या सुळक्यावर इतकी घरटी आहेत की भोंग्याची गरज उरली नाही; खऱ्यांचाच गोंधळ पुरतो. बेटावरची वसाहत अजून घटतेच आहे, आणि जवळपासच्या पाण्यात जाळी टाकायला बंदी व्हावी म्हणून डॉक्टर अजून झगडते आहे. पुतळ्यांनी ते काम होत नाही, हे काकू स्वतः सगळ्यांना सांगतात आणि तिच्याबरोबर बैठकांना जाऊन पुढच्या खुर्चीवर बसतात. मागच्या हंगामात डॉक्टर थोडी संकोचून म्हणाली, “काकू, पुतळे काढावे लागतील. त्यांच्यामुळे खऱ्यांना जागा कमी पडतेय.”

डॉक्टरला वाटलं, काकूंना वाईट वाटेल. काकू तर इतक्या खूश झाल्या की त्यांनी यजमानांना लगेच बस काढायला लावली. त्या सकाळी सुळक्यावरून पुतळे एकेक करून वर येत होते. काहींचा रंग उडालेला, बहुतेकांच्या डोक्यावर विष्ठेच्या पांढऱ्या टोप्या. राखणदारानं बादलीभर पाणी आणलं.

“धुऊ का काकू?”

“राहू दे,” काकू म्हणाल्या, आणि एका पुतळ्याला काखेत मारून बसच्या पायऱ्या चढल्या. आत यजमान खिडकीपाशी टेकले होते. “अहो, जरा पुढे सरका, खिडकीची जागा यांची आहे.”